अकरावी खाच

तिनं चाकावरून अंगठा उचलला आणि चाक अर्धा खटका मागे येऊन थांबलं.

तिनं पुन्हा फिरवून पाहिलं. फोनच्या मधोमध बसवलेलं, बोटाच्या पेराएवढं ते चाक सफाईनं फिरत होतं. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. दर नावाला अंगठ्याखाली एक हलका खटका. बाराव्या नावाकडे नेता नेता तिनं अंगठा सोडला, तर चाक मागे सरकून अकराव्यावर बसलं. दहाव्याच्या जरा पुढे नेऊन सोडलं, तर पुढे सरकून अकराव्यावरच बसलं. घरात एकच बरी खुर्ची असावी आणि घरातल्या माणसानं फिरून फिरून तिथंच टेकावं, तसं.

“सहाच्या सहा फोनांचं हेच आहे मॅडम,” डिझायनर म्हणाला. “आमची माणसं आता यांना हात लावायलाही कां-कूं करतात.”

डिझायनर तिशीतला होता आणि डोक्यावर सरकवलेला चष्मा टेबलावर शोधत होता. ज्यांना काचेवर बोटं घासायचा कंटाळा आला आहे अशांसाठी त्यानं हा फोन काढला होता. स्पर्शाचा पडदा नाही. हे चाक आणि दोन बटणं. चाक फिरवायचं, हवं तिथं दाबायचं, झालं. चाकाला चोवीस खाचा, यादीच्या एका पानावर चोवीस नावं, आणि पहिली खाच म्हणजे पहिलं नाव. चार दिवस वापरला की कोण कितव्या खटक्यावर आहे ते अंगठ्याला पाठ होतं, मग न बघता फोन लावता येतो. या एका गोष्टीवर सगळ्या कंपनीचा जीव होता.

बाजारात न्यायच्या आधी सहा फोन यंत्रावर चढवून त्यांच्याकडून पाच वर्षांचं काम पाच आठवड्यांत करून घेतलं होतं. असे म्हातारे झालेले फोन मग कंपनीतल्याच सहाजणांना वापरायला दिले. त्यांच्या तक्रारींची वही तिच्यापुढे उघडी होती. एकीचा फोन दर वेळी आजोबांच्या नावावर थांबत होता. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि नाव पुसायचं तिच्या जिवावर आलं होतं. एकाचा फोन, ज्या मित्राशी त्यानं बोलणं टाकलं होतं, त्याच्यावर थांबत होता. तिसरीनं नुसतंच लिहिलं होतं, ‘अकरावं नाव कुणाचं हे सांगायची सक्ती नसावी.’ चौथ्याचा फोन दातांच्या डॉक्टरवर थांबायचा, पण त्याला कुणी भुताटकी म्हटलं नव्हतं. उरलेल्या दोघांनी फोन दुसऱ्याच दिवशी परत करून टाकले होते.

तिचं पोट मोजण्यावर होतं. बाहेरच्या एका तपासणी कंपनीकडून ती आली होती आणि झिजलेल्या वस्तू का झिजल्या हे सांगणं एवढंच तिचं काम. चार वाजता वरच्या मजल्यावर बैठक होती. त्याआधी तिनं एका कागदावरच्या दोन चौकटींपैकी एकीत खूण करायची होती: दोष चाकात, की दोष यंत्रात. चाकात असला तर चाक जाणार आणि त्याच्या जागी चार बाणांची बटणं येणार. यंत्रात असला तर चाक राहणार. आत्ता साडेबारा वाजले होते.

तिनं एका फोनचं पोट उघडलं आणि भिंग डोळ्याला लावलं. चाकाखाली पोलादी कडं होतं आणि कड्याला खाचा. स्प्रिंगवरची एक बारीक गोळी एका खाचेतून दुसरीत उडी मारते, तोच बोटाला लागणारा खटका. तेवीस खाचा जशाच्या तशा होत्या. अकरावी मात्र बशीसारखी पसरट झाली होती आणि आतून चकाकत होती. आसपास कुठेही पोचली तरी गोळी घरंगळून तिच्यातच जाणार, हे उघड होतं. म्हणजे भुताटकीचं निम्मं काम तिथंच आटपलं. ती अकरावीच का झिजली, एवढं राहिलं.

मग तिनं एक कोरं, न वापरलेलं कडं घेतलं आणि खाचांची खोली मोजली. नेहमीच्या तक्त्यापेक्षा दोन शतांश मिलिमीटरनं जास्त. दहावीही तेवढीच. तेविसावीही तेवढीच. चूक असती तर कुठे कमी, कुठे जास्त झाली असती. हे कुणीतरी ठरवून केलं होतं. तिनं तिसऱ्यांदा मोजलं, आणि तिसऱ्यांदा ती कधीच मोजत नसे.

“हे माप कुणाचं?” तिनं विचारलं.

“होते एक कारागीर. साचे करायचे. आठवड्यातून दोन दिवस यायचे इथं. तक्त्याचं माप त्यांना मान्यच नव्हतं. म्हणायचे, बोटाला थोडी खोल खाच लागते, नाहीतर त्याला पोचल्यासारखं वाटत नाही.” डिझायनरला चष्मा सापडला. “आता नाहीत ते.”

तिनं मान हलवली आणि आकडा कागदावर उतरवला. धाकट्या बहिणीनं कधीतरी फोनवर सांगितलं होतं, अप्पा हल्ली कुठल्याशा फोनच्या कंपनीत जातात. तेव्हा तिनं विषय बदलला होता, कुठल्या ते विचारलं नव्हतं. आता तिला कळलं होतं. पण कळणं आणि खात्री होणं या दोन गोष्टी कामाच्या सवयीनं ती वेगळ्या ठेवत असे.

“यंत्र बघू या,” ती म्हणाली.

यंत्राची खोली त्याच मजल्याच्या टोकाला होती. तिन्ही बाजूंनी काच, भर दुपारचं ऊन, आणि त्या उन्हात सहा पोलादी बोटं ओळीनं दुसऱ्या सहा नव्या फोनांवर चाललेली. प्रत्येक बोटाच्या टोकाला अंगठ्याच्या आकाराचं रबर. ती सांभाळणाऱ्या बाईंना दारावरच्या माणसापासून मालकापर्यंत सगळे काकू म्हणत. काकूंनी चष्म्यावरून पाहुणीकडे पाहिलं, एक स्टूल पुढे सरकवलं आणि पुन्हा यंत्राकडे तोंड केलं. डिझायनरचा तेवढ्यात फोन वाजला आणि तो बाहेर गेला.

ती बसली आणि बघत राहिली. बोटं चाक फिरवत होती, भरभर, माणसासारखी. एकदा जोरात, एकदा सैल. आणि मग सहाही बोटं एकदम मंदावली. अर्धा खटका पुढे गेली. अर्धा खटका परत आली. थांबली. रबर चाकावर किंचित टेकलं, दाबावं की न दाबावं असं, आणि चाकाला थरथर सुटली. मग कुणी पाहिलं तर नाही ना अशा घाईनं बोटं पुढे निघून गेली.

पुढच्या फेरीला पुन्हा तेच. तिथंच, तस्संच. सहा बोटं, एकच अडखळणं.

रेडिओवर स्टेशन लावताना, गॅसची आंच कमी करताना, लहानपणी तिच्या सायकलचा नट आवळताना हा हात तिनं पाहिला होता. अर्धा पुढे, अर्धा मागे. नवव्या वर्षी तिचा अंगठा आपल्या अंगठ्याखाली धरून अप्पांनी तिला वजनकाट्याच्या बटणावर शिकवलं होतं, जरा पुढे जाऊन परत यायचं, म्हणजे जागा कुठे आहे ते बोटाला कळतं. शाळेत बाई विचारत, तुझे वडील काय करतात, तर ती सांगायची, खटके करतात. वर्ग हसायचा, आणि घरी येऊन तिनं ते सांगितल्यावर अप्पा वर्गापेक्षाही जास्त हसायचे.

चौदा महिन्यांपूर्वी तो हात थांबला होता. ती पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं.

भांडण म्हणावं असं त्यांच्यात काही झालंच नव्हतं. अप्पांनी तीस वर्षं वजनकाट्यांच्या कारखान्यात साचे केले, आणि साडेसात वर्षांपूर्वी त्याच कारखान्यात ती तपासनीस म्हणून लागली. पहिल्याच महिन्यात अप्पांच्या साच्यातून निघालेली चारशे कडी तिच्या टेबलावर आली. खाचा दोन शतांश जास्त खोल होत्या. तिनं लाल खूण केली. अप्पा म्हणाले, एकदा फिरवून बघ, बोटाला विचार. चारचौघांत ती म्हणाली, बोट सही करत नाही अप्पा. कडी वितळवली, साचा मोडीत गेला आणि दोन महिन्यांनी अप्पांना घरी बसवलं. शेवटच्या दिवशी ते तिच्या टेबलाशी आले. ती उरलेलं एक कडं मोजत होती, मान वर करायचा तिला धीर झाला नाही. ते म्हणाले, “मोजून झालं असेल तर जा.” एवढंच. ती त्या संध्याकाळी वेगळ्या घरी राहायला गेली, आणि मग सहा वर्षं दोघांनी एकमेकांना तोंड दाखवलं नाही. धाकटी इकडचं तिकडे सांगे, पण दोघंही हट्टाला पेटलेले. माप तिचं बरोबर होतं. तिनं ते स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्यात काही उरलं नव्हतं.

आता हातात पुन्हा तोच कागद होता. चाकात दोष म्हणावं तर अप्पांचं शेवटचं काम तिच्याच सहीनं दुसऱ्यांदा मोडीत निघणार. यंत्रात दोष म्हणावं तर यंत्रात भरलेली अंगठ्याच्या चालीची ही नोंद पुसून दुसऱ्या कुणाच्या अंगठ्याची भरणार, आणि अप्पांचं जे काही या जगात अजून हलत होतं ते थांबणार. दोन्ही चौकटींत अप्पाच होते. तिनं स्टुलाखालचा स्क्रू धरला आणि काहीतरी करायचं म्हणून बैठक खालीवर केली. अर्धा पुढे, अर्धा मागे.

काकूंचं लक्ष यंत्रावरून तिच्या हाताकडे गेलं आणि तिथंच राहिलं.

“तू थोरली ना?” काकू म्हणाल्या.

काकूंनी उत्तराची वाटही पाहिली नाही. त्यांनी उठून दार लोटून घेतलं आणि सांगायला लागल्या. पोलादी बोट एका चालीनं फिरवलं तर माणसासारखी झीज होत नाही, म्हणून खऱ्या माणसाच्या अंगठ्यावर तारांची टोपी घालून त्याची चाल उतरवून घ्यायची, अशी इथली पद्धत. चाक ज्याचं त्याचाच अंगठा घेऊ म्हणून अडीच वर्षांपूर्वी अप्पांना बसवलं. हातात चाचणीचा फोन दिला आणि सांगितलं, तुमची माणसं यात भरा आणि रोज वापरता तसा वापरा. चोवीस नावं भरताना अप्पांच्या नाकी नऊ आले. आयुष्यभर लोखंडाशी बोललेला माणूस, चोवीस माणसं आणणार कुठून? शेवटी केस कापणारा, गॅसवाला, चष्म्याचं दुकान आणि खुद्द काकू, असे सगळे त्या यादीत जाऊन बसले.

“त्यांनी यंत्राला एक्केचाळीस मिनिटं दिली,” काकू म्हणाल्या. “घड्याळ लावलं, रेडिओ लावला, सगळं केलं. पण साहेबांनी त्यातली अकराच मिनिटं ठेवली. नावांच्या यादीतल्या नऊ फेऱ्या. म्हणाले, चाक सगळ्यात जास्त तिथंच फिरतं, तेवढंच घ्या. पाच आठवडे रात्रंदिवस तेवढंच चाललं, आणि आता या नव्या सहांवरही तेच.”

तिच्या डोक्यानं सवयीनं हिशेब केला. दर फेरीला एकदा अडखळणं. पाच आठवडे. चाळीस हजार वेळा.

“बाकीची नोंद पुसली?”

काकूंनी कपाट उघडलं आणि बिस्किटांचा एक जुना डबा काढला. डब्यात कागदाच्या पट्टीची गुंडाळी होती आणि खाली एक फोन. पट्टी त्यांनी टेबलावर उलगडली. अंगठ्याची चाल तिच्यावर शाईच्या रेघेनं उतरली होती, डोंगरांसारखी वरखाली. एका जागी लाल पेनानं खूण होती आणि काकूंच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘इथे कापलं’. नववी फेरी तिथं संपत होती.

खुणेच्या पुढेही रेघ होती. दहावी फेरी. अंगठा भरभर निघाला, अकराव्या खाचेशी मंदावला, अर्धा पुढे गेला, अर्धा मागे आला. थांबला. आणि मग रेघ एकदम सरळ वर चढली होती. चाक दाबलं होतं.

त्यापुढे काहीच नव्हतं. आडवी, सपाट रेघ टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती. तिनं पट्टी ओढून घेतली आणि फूटपट्टीनं मोजली. चार मिनिटं. अंगठा चाकावरच होता, कारण तारांना त्याची ऊब लागत होती. नुसता हलत नव्हता.

“ते दाबणं नोंदीत ठेवलं असतं तर यंत्रानं हजारदा फोन लावला असता,” काकू म्हणाल्या. “आणि पुढचं तर साहेब म्हणाले, यात आहे काय?”

तिनं डब्यातला फोन हातात घेतला. काकूंनी तो दर महिन्याला चार्ज करून ठेवला होता. यादी उघडली. चाक हळूहळू फिरवलं. हे चाक झिजलेलं नव्हतं, आणि त्या खोल खाचांचे खटके अंगठ्याला इतके नेमके लागत होते की तिला मध्येच थांबावं लागलं. दर नावाला बोट खरंच पोचत होतं. दहाव्या खाचेवर चाव्या करून देणारा होता. बाराव्यावर दवाखाना, तेराव्यावर धाकटी.

अकराव्यावर ‘थोरली’.

फोनमधून आजवर लावलेल्या कॉलच्या यादीत एकच ओळ होती. थोरली, बावीस सेकंद.

तिला ते बावीस सेकंद आठवायला एवढासाही त्रास पडला नाही. कामाची दुपार होती, एका हातात मोजमापाचं हत्यार होतं, अनोळखी नंबर होता. हॅलो. हॅलो. कोण आहे? पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं आणि मागे कुठलंसं यंत्र चालू होतं. कुणी टवाळी करतंय असं तिला वाटलं. ती म्हणाली होती, “बोलायचं नसेल तर फोन कशाला करता?” आणि ठेवून दिला होता.

“मी तारा काढायला आले,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. “तर म्हणाले, राहू द्या थोडं. उलटा फोन येईल. बसून राहिले. फोनवरचा अंगठासुद्धा काढला नाही. मग आपणच म्हणाले, कामात असेल.”

काचेपलीकडे ऊन जरा कललं होतं. सहाही बोटं मंदावली, अर्धी पुढे गेली, अर्धी मागे आली, थरथरली आणि निघून गेली. तिला आता ते बघवेना. नऊ वेळा धीर गोळा करायचा, नऊ वेळा गमवायचा, आणि दहावी फेरी यायच्या आतच पुन्हा पहिलीपासून. मेलेल्या माणसाला पाच आठवडे त्यांनी एवढंच करायला लावलं होतं. तिला रडू आलं, आणि रडताना ओरडावंसंही वाटलं, पण कुणावर ते समजेना.

तिनं डोळे पुसले आणि कागद पुढे ओढला. दोन्ही चौकटी तिनं कोऱ्या ठेवल्या. खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं: ‘चाक निर्दोष. खाचांची खोली तक्त्यापेक्षा दोन शतांश जास्त आहे आणि तेच योग्य आहे. अंगठ्याची नोंदही निर्दोष, पण अपुरी वापरली आहे. एका माणसाची एका दुपारची घालमेल यंत्रानं चाळीस हजार वेळा केल्यामुळे अकरावी खाच झिजली. नोंद पुसू नये. पूर्ण एक्केचाळीस मिनिटं, शेवटासकट, चालवावी.’

डिझायनर आत आला तेव्हा साडेतीन वाजत आले होते. त्यानं कागद दोनदा वाचला.

“हे बसतं कशात मॅडम? याला चौकटच नाही.”

“मग काढा एक,” ती म्हणाली.

तो जरा हसला, मग तिच्या डोळ्यांकडे बघून हसायचा थांबला. बैठकीत पुरावा मागतील, एकदा पूर्ण नोंद चालवून बघा, असं म्हणून कागद घेऊन तो वर गेला. काकूंनी सहाही बोटं बंद केली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच खोली गप्प झाली. पहिल्या बोटाखालचा फोन काढून त्यांनी अप्पांचा फोन तिथं बसवला, चाक पहिल्या खाचेवर आणलं, नोंद दहाव्या फेरीच्या तोंडाशी लावली आणि चहाचं सांगून येते म्हणत बाहेर पडल्या. चहा त्याच खोलीत, खिडकीशी, किटलीत होता.

तिनं बटण दाबलं.

बोट निघालं. भरभर, सैल, केस कापणाऱ्यावरून, गॅसवाल्यावरून. मंदावलं. अर्धं पुढे. अर्धं मागे. थांबलं. ती पट्टीवर बोट ठेवून रेघ बघत होती, पुढे काय होणार ते तिला मिलिमीटरमध्ये ठाऊक होतं, आणि तरीही पोलादी बोटानं चाक दाबलं तेव्हा ती दचकली.

टेबलावर तिचा फोन वाजायला लागला.

अनोळखी नंबर. उचलायचा हे तिनं ठरवलं होतं. पण ते बोट चाकावर टेकून असं काही वाट बघत उभं होतं, की त्याच्यावरून तिची नजर निघेना आणि हात पुढे होईना. फोन वाजला, वाजला, आणि बंद पडला. पुन्हा शांतता. पट्टीवर आता सपाट रेघ सुरू झाली होती. चार मिनिटं.

उलटा फोन येईल.

तिनं फोन उचलला आणि त्याच नंबरवर उलटा फोन लावला.

पोलादी बोटाखालचा फोन वाजायला लागला. त्याचा आवाज जुना, बारीक होता. एक घंटा. दोन. रेघ सपाट होती. पट्टी तिच्या डाव्या हाताखाली होती आणि चार मिनिटांत तिच्यावर केसाएवढाही उंचवटा नव्हता, हे तिनं स्वतः मोजलं होतं. तिसरी घंटा. वाजताना फोन थरथरतो, त्या थरथरीनं बोट सरकलं असेल, असं डिझायनरनं नंतर सांगितलं, आणि तो म्हणतो ते बरोबरच असेल.

बोट अर्धा खटका पुढे गेलं. अर्धा खटका मागे आलं. आणि चाक दाबलं गेलं.

घंटा थांबली. तिच्या कानात यंत्राची घरघर ऐकू आली, अगदी जवळून, आणि त्या घरघरीच्या आत दुसरं काही आहे का हे तिला मोजता येईना. समोरच्या फोनच्या पडद्यावर सेकंद पुढे सरकू लागले. पाच. दहा. बोट चाकावर टेकलेलं होतं. ती स्टूल ओढून जवळ बसली. वीस. एकवीस. बावीस.

तेवीस.

“अजून मोजून व्हायचंय, अप्पा,” ती म्हणाली.